घरशाळेचं वेळापत्रक कोणासाठी?

(पिंपळनेर येथे तरुण पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझी मुलगी बारा वर्षांची आहे, मुलगा नऊ वर्षांचा. तीन वर्षं झाली, दोघं घरीच शिकतात. लोक पहिला प्रश्न विचारतात, "मग दिवसभर करतात काय?" प्रश्न रास्त आहे. पुस्तकं कुठेही मिळतात. घरशाळा चालते की बुडते, ते दिवसाच्या आखणीवर ठरतं.

आधी तासांचा हिशोब करू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं सांगितलं आहे. सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १,००० तास. भागाकार केला तर दिवसाचे चार ते साडेचार तास येतात, तेही एका शिक्षकामागे तीस-पस्तीस मुलं धरून. घरी मुलाशेजारी एक मोठं माणूस बसलेलं असतं. माझ्या मुलाचं काम अडीच तासांत होतं, मुलीचं साडेतीन तासांत. घरात दहा ते पाच शाळा भरवली तर मूल दमतं आणि आईही.

मग पक्कं काय ठेवायचं? आम्ही घड्याळ पक्कं ठेवलं नाही, क्रम पक्का ठेवला. नमाजचंच बघा. इथे डिसेंबरात मगरीब सहाच्या आसपास होते, जूनअखेर सव्वासातच्या पुढे. घड्याळातली जागा सरकते, पण असर आणि इशाच्या मधली तिची जागा कधी हलत नाही. अभ्यासही तसाच बांधला. नाश्ता झाला की गणित, मग भाषा, जुहरच्या आधी विज्ञान किंवा इतिहास, असरनंतर खेळ. एप्रिल-मेमध्ये खानदेशातलं ऊन सकाळीच चटके देतं, तेव्हा सगळं लवकर सुरू होऊन लवकर संपतं. थंडीत उशिरा सुरू होतं. रमजानमध्ये गणित फज्रनंतर लगेच, दुपारी झोप. क्रम मात्र तोच.

सवलतीचा नियमही तिथूनच घेतला. आजारी माणसाला, प्रवाशाला रोजा पुढे ढकलता येतो, पण सुटलेले दिवस मोजून भरावे लागतात. आमच्याकडे एक वही आहे. अभ्यास सुटला की तारीख, विषय आणि कारण लिहायचं आणि आठवड्याच्या आत तो भरून काढायचा. मामाच्या घरी लग्न असेल तर खुशाल चार दिवस जा. वहीत चार ओळी पडतील, एवढंच.

विषयांच्या बाबतीत हात जरा सैल सोडला आहे. कांद्याचा लिलाव जोरात असतो तेव्हा मुलांचे अब्बू दोघांना बाजारात नेतात. क्विंटलचा भाव, वजन, हमाली-तोलाई वजा जाता शेतकऱ्याच्या हातात किती पडले, हे मुलगी हिशोबपट्टीवरून काढते. त्या दिवशी पुस्तकातलं गणित नसतं. पांझरेला पाणी आलं की विज्ञान लाटीपाडा धरणावर होतं. घरात आमची हिंदी-उर्दू, गल्लीत अहिराणी, पुस्तकात मराठी. एकच गोष्ट तिन्ही भाषांत सांगायची, हा मुलाचा सगळ्यात आवडता तास.

आता मुख्य मुद्दा. लवचिकता म्हटलं की सगळ्यांना बरं वाटतं. पण घरात ती कोणाच्या वाट्याला येते? मी ओळखीच्या घरांत पाहिलं आहे. पाहुणे आले की चहाला मुलगी उठते. बाळ रडलं की मुलगी उठते. भावाचं पुस्तक उघडंच राहतं. शाळेत गेलेल्या मुलीला दहा ते पाच कोणी भाकरी टाकायला बोलावू शकत नाही. शाळेची भिंत तिचा वेळ राखते. ती भिंत आपण काढली, तर तिच्या जागी वेळापत्रक उभं करणं आपलं काम आहे. आमच्याकडे अभ्यासाच्या वेळेत चहा मोठी माणसं करतात. माझ्या सासूबाई पाहुण्यांना सांगतात, "पोरगी शाळेत गेली आहे." ती शेजारच्याच खोलीत असते.

आपल्या समाजात "ती घरीच शिकते" या वाक्याचा अर्थ कधी कधी "तिचं शिक्षण थांबलं" असा असतो, हे तुम्हालाही माहीत आहे. रुकैया सखावत हुसेन यांचं उदाहरण घ्या. त्या शाळेत गेल्या नाहीत. बंगाली आणि इंग्रजी भावाकडून शिकल्या, तेही रात्री, घर झोपल्यावर. त्याच बाईंनी १९११ साली कोलकात्यात मुस्लिम मुलींसाठी शाळा चालू केली. घरी शिकल्यामुळेच शाळेची किंमत त्यांना ठाऊक होती.

म्हणून घरशाळेला शेवटी कागद हवा. शिक्षण हक्क कायद्यात घरशाळेचं नावही नाही, त्यामुळे ही जबाबदारी आपलीच. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची, दहावी चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते. पाच विषय घ्यायचे. माध्यम मराठीही आहे, उर्दूही. मुंबईची मालविका जोशी शाळा सोडून घरी शिकली, संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं मिळवून २०१६ मध्ये अमेरिकेत एमआयटीला गेली. पण बारावी नसल्यामुळे आयआयटीचं दार तिला बंद होतं. आपल्या सगळ्या मुली पदकं आणणार नाहीत. त्यांना प्रमाणपत्र लागेल.

तुमच्यापैकी कोणी घरशाळेचा विचार करत असेल, तर आधी तीन गोष्टी कागदावर लिहा. रोजचा क्रम काय? सुटलेला अभ्यास कधी भरणार? दहावीची परीक्षा कोणत्या वर्षी? तिन्हींची उत्तरं मुलासाठी आणि मुलीसाठी सारखीच येत असतील, तर बेलाशक सुरू करा. येत नसतील, तर मुलीला शाळेत जाऊ द्या. आणि ज्यांना अजून मुलं नाहीत, त्यांनी आज घरी गेल्यावर बहीण अभ्यासाला बसली असेल तर चहा स्वतः करावा.