चार पाकिटे आणि एक पावसाळा



निवृत्तीच्या वेळी हाती आलेली भविष्य निर्वाह निधीची रक्कम मुलाच्या नव्या धंद्यात घालावी की घालू नये, हा प्रश्न मध्यमवर्गीय घरांत वारंवार उभा राहतो. मुलगा उमेदीचा असतो, कल्पना चांगली असते, गाळाही पसंत पडलेला असतो. वडील नाही म्हणाले, तर ‘मराठी माणूस धंद्यात मागे का’ हे ठरलेले व्याख्यान त्यांना ऐकावे लागते. हो म्हणाले, तर म्हातारपणाची शिदोरी पणाला लागते. या दोहोंच्या मधली वाट मुंबईत गिरगावातील एका गच्चीवर सात गृहिणींनी चोखाळली होती. त्या गुजराती भगिनी होत्या. जसवंतीबेन पोपट त्यांच्यापैकी एक. पुढे २०२१ साली त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली.

१५ मार्च १९५९ रोजी या सातजणींनी पापड लाटावयास घेतले. भांडवल ऐंशी रुपयांचे, तेही समाजसेवक छगनलाल पारेख यांच्याकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशीची निष्पत्ती चार पाकिटे! ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकली गेली. येथे थोडे थांबले पाहिजे. पापड उत्तम झाल्याची ग्वाही शेजारणींनीही दिली असती. घरच्या लाडवांचे कौतुक कोण करीत नाही? परंतु फुकट चाखून केलेली स्तुती ही बाजारातील परीक्षा नव्हे. ज्याला पुढे नफा कमवायचा आहे, असा व्यापारी पैसे मोजून माल घेतो आणि तो संपल्यावर पुन्हा मागतो, तेव्हा कल्पनेचा पहिला कस लागतो.

दुसरा कस पावसाने लावला. गच्चीवर पापड वाळेनात, आणि पहिल्याच वर्षी चार महिने काम बंद ठेवावे लागले. मुंबईत पाऊस पडतो, हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही! पण ठाऊक असणे वेगळे आणि तो हिशेबात उतरणे वेगळे. त्यांनी आरंभीच कर्ज काढून जागा भाड्याने घेतली असती, पगारी माणसे नेमली असती, तर त्या चार महिन्यांचे भाडे, पगार आणि व्याज अंगावर आले असते. भांडवलच ऐंशी रुपयांचे असल्यामुळे काम थांबले, उद्योग बुडाला नाही. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह! पावसाळ्याचा प्रश्न सुटला.

म्हणूनच दोन महिन्यांच्या विक्रीवर भाळून ‘प्रयोग यशस्वी’ म्हणणे धोक्याचे ठरते. दिवाळीत फराळाची विक्री सर्वांचीच होते. खरी पृच्छा ज्येष्ठ-आषाढात किती होते, ते पाहावे. प्रयोगाने ऋतुचक्र पुरे पाहिलेले असावे. शिवाय तो बुडाला तर किती रक्कम जाऊ द्यायची, तो आकडा आरंभीच घरात सर्वांसमक्ष ठरलेला असावा. पुष्कळ घरे पहिल्या नुकसानीने बसत नाहीत. ते भरून काढण्यासाठी घातलेल्या दुसऱ्या रकमेने बसतात.

गिरगावच्या भगिनींनी आणखी एक प्रयोग केला. स्वस्तात विकता यावा म्हणून हलक्या प्रतीचा पापडही काढून पाहिला. छगनबापांनी तो बंद करण्याचा सल्ला दिला आणि त्यांनी तो मानला. स्वतःच्या कल्पनेवर प्रेम जडलेल्या माणसाला हे अवघड जाते.

‘लिज्जत’चा विस्तार होऊ लागल्यावरही ही रीत सुटली नाही. १९६१ साली मालाडला शाखा काढण्याचा प्रयत्न फसला; म्हणून गिरगावचे लाटणे थांबले नाही. पुढे खाकरा आणि मसाले चालले. आगपेट्या आणि अगरबत्त्याही करून पाहिल्या. त्या चालल्या नाहीत, तेव्हा सोडून दिल्या. त्या काळात पापडाचे काम नित्याप्रमाणे सुरू होते.