सिनेमातली कोणती बाई आठवते?

(नारायणगड, जि. बीड येथे बचत गटांतील स्त्रिया व कार्यकर्त्या यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची धाटणी तशीच ठेवली आहे.)

सकाळपासून आपण रेशन, उचल, दवाखाना यांवर बोललो. आता सिनेमावर बोलायचं म्हटल्यावर मागे बसलेल्या काहीजणी हसल्या. साहजिक आहे. सिनेमा म्हणजे रिकामटेकड्यांचं काम असं आपल्याला शिकवलेलं आहे. पण गटात काम करताना एक गोष्ट मी वारंवार पाहते. बाईला "तुझं मत काय?" असं विचारलं की ती सासूकडे, नाहीतर जावेकडे बघते. तेच "सिनेमातली कोणती बाई तुझ्या लक्षात राहिली?" असं विचारलं की ती सरळ माझ्याकडे बघते आणि बोलायला लागते. मग थांबत नाही. आपल्याला हवं असलेलं मत तिथून बाहेर येतं, म्हणून हा विषय मी मागून घेतला.

आपल्या भागात या प्रश्नाचं पहिलं उत्तर ठरलेलं आहे. 'माहेरची साडी'तली लक्ष्मी. विजय कोंडके यांचा हा सिनेमा १९९१ साली आला. तुमच्यातल्या कितीतरीजणी तो बघायला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, बैलगाडीत बसून तालुक्याला गेल्या असतील. पदर ओला करून परत आल्या असतील. पुढे शहाण्या माणसांनी या सिनेमाची भरपूर टिंगल केली. रडका, बायकी, मागासलेला. मला ही टिंगल मान्य नाही. अलका कुबल यांची लक्ष्मी सोसते, सोसते आणि सोसतच राहते, हे खरं. त्यावर आपण भांडलंच पाहिजे. पण त्या अंधारात शेकडो बाया एकत्र बसून रडल्या, त्या लक्ष्मीसाठी रडल्या असं मला वाटत नाही. घरात रडलं तर "काय झालं रडायला?" म्हणून दोन शिव्या मिळतात. थिएटरात तिकीट काढून रडता येत होतं आणि शेजारचीही रडत होती. ही काय लहान गोष्ट आहे?

त्या सिनेमात बाप मुलीला जन्मापासून अपशकुनी मानतो. ही गोष्ट पडद्यावरची म्हणून सोडून देऊ नका. २०११ च्या जनगणनेत आपल्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. लक्ष्मी निदान जन्माला तरी आली.

मात्र एक गोष्ट मला खटकते. त्या सिनेमानंतर बायांनी शिव्या घातल्या त्या सासूला, म्हणजे उषा नाडकर्णी यांना. काम इतकं चोख की शिव्या मिळणारच. पण मुलीला नकोशी ठरवणाऱ्या बापावर कुणी तेवढ्या चिडल्या नाहीत. आपल्या सिनेमानं आपला राग नेहमी दुसऱ्या बाईकडे वळवून दिला. त्यात सगळ्यांत मोठं नाव ललिता पवार. त्या मिचकावणाऱ्या डोळ्याची सासू कुणाला आठवत नाही? आता तो डोळा तसा कसा झाला, ते ऐका. ललिताबाई आधी नायिका होत्या. १९४२ साली एका सिनेमाच्या चित्रीकरणात सहकलाकारानं त्यांच्या थोबाडीत मारायची होती. ती इतक्या जोरात बसली की चेहऱ्याला लकवा मारला. तीन वर्षं उपचार झाले, डावा डोळा कायमचा अधू राहिला आणि नायिकेची कामं बंद झाली. ही कामावर झालेली इजा आहे, जशी कोयता लागून बोट जातं तशी. त्या अधू डोळ्यानिशी ही बाई पुढे पन्नास वर्षांच्या आसपास काम करत राहिली. आपण मात्र त्या डोळ्याला दुष्टपणाची खूण समजून बसलो.

आता जरा मागे जाऊ. आपण नगद नारायण महाराजांच्या गडावर बसलो आहोत. या गडाला लोक धाकटी पंढरी म्हणतात. कीर्तन, भारूड आपण लहानपणापासून ऐकत आलो. भारुडातली ती सासरला कंटाळलेली बाई कोण असायची? लुगडं नेसलेला बाप्याच. दुःख आपलं, बोलणार तो. सिनेमाही तसाच सुरू झाला. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले अण्णा साळुंके. ते खाणावळीत स्वयंपाकी होते. कोणतीही बाई पडद्यावर यायला तयार नव्हती, कारण तोंडाला रंग लावला की ती वाया गेली असं समाज समजायचा. मग लगेचच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दोघी आल्या. दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई, तेव्हा जेमतेम तेरा-चौदा वर्षांची. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या आणि पोटासाठी मुलीला घेऊन नाटक कंपनीत फिरणाऱ्या. म्हणजे आपल्या सिनेमातली पहिली बाई ही आपल्या भाषेत एक परित्यक्ता होती. पुस्तकांत हे 'पहिली अभिनेत्री' एवढ्या दोन शब्दांत उरकतात. (गंमत बघा, 'माहेरची साडी'तला बाप झालेले विक्रम गोखले हे याच कमलाबाईंचे नातू.)

माझं स्वतःचं उत्तर विचाराल, तर जुन्यांतली शांता आपटे. प्रभात कंपनीचा 'कुंकू', साल १९३७, दिग्दर्शक व्ही. शांताराम. नीरा नावाच्या तरुण मुलीचं लग्न फसवून एका म्हाताऱ्या बिजवराशी लावून देतात. आता ती रडेल, मग नशीब म्हणून स्वीकारेल, असं आपल्याला वाटतं. ती स्वीकारत नाही. लग्न झालं असलं तरी हा माझा नवरा नाही, असं ती वागून दाखवते. सावत्र मुलगा लगट करायला लागतो, तेव्हा त्याला छडीनं फोडून काढते. ब्याऐंशी वर्षांच्या एका मावशींना मी हा सिनेमा मोबाइलवर दाखवला. त्यांचं स्वतःचं लग्न अकराव्या वर्षी झालेलं. त्या मध्येच म्हणाल्या, "असंबी करता आलं असतं व्हय?" तेवढंच. पुढचा सिनेमा त्यांनी एक शब्द न बोलता पाहिला.

शांता आपटे पडद्याबाहेरही तशाच. करारावरून भांडण झालं तेव्हा १९३९ मध्ये त्या प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. पुढच्याच वर्षी 'जाऊ मी सिनेमात?' नावाचं पुस्तक लिहून या धंद्यात बाईची कशी पिळवणूक होते ते त्यांनी मांडलं. आणखी एक. याच सिनेमात त्या म्हाताऱ्याच्या समाजकार्य करणाऱ्या मुलीचं काम शकुंतला परांजपे यांनी केलं आहे. त्या खऱ्या आयुष्यातही संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या कार्यकर्त्या होत्या, तेही या विषयाचं नाव काढलं तरी लोक तोंड फिरवत त्या काळात.

आणि आता 'उंबरठा'. समाजकार्याचं शिक्षण घेताना आम्हाला हा सिनेमा दाखवला होता. जब्बार पटेल यांचा, १९८२ चा. शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवरून विजय तेंडुलकरांनी तो लिहिला. सुलभा महाजन या शिकलेल्या बाईला घरात काही कमी नाही. नवरा वकील, सासू समाजसेवेत मोठं नाव असलेली, लहान मुलगी. तरी ती लांबच्या गावी महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून नोकरी घेते. मुलगी घरी राहते. आश्रमात गैरकारभार आहे, वरची समिती ढिम्म आहे. ती लढते, शेवटी राजीनामा देऊन घरी येते, तर नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली. मग ती पुन्हा उंबरठा ओलांडते.

स्मिता पाटीलनं या सिनेमात आवाज फारसा चढवलेला नाही. तिचं सगळं काम मानेत आणि डोळ्यांत आहे. समितीच्या लोकांसमोर ती बसते ते बसणं बघा. अंग चोरून नाही आणि छाती काढूनही नाही. पंचायतीत पहिल्यांदा निवडून आलेल्या आपल्या बायांना खुर्चीवर कसं बसायचं ते मी या सिनेमातून दाखवते, हे अगदी खरं सांगते. उणंही आहे. आश्रमातल्या बाया पुष्कळदा सुलभाच्या मागचा पडदा होऊन राहतात. त्यातल्या दोघींचं एकमेकींवर प्रेम आहे, त्याकडे सिनेमा एक अडचण म्हणून बघतो. आज ते मला खटकतं.

पण खरी चर्चा पेटते ती एकाच मुद्द्यावर. लेक टाकून गेली, ते बरोबर केलं का? आम्ही हा सिनेमा दाखवतो तिथं पहिली पाच मिनिटं सगळ्याजणी सुलभावर तुटून पडतात. काय कमी होतं? आई आहे का कोण? आमच्या तरुण कार्यकर्त्या तिची बाजू घेतात, बाईलाही स्वतःचं आयुष्य आहे वगैरे. त्यांचं बरोबरच असतं, पण ते पुस्तकातलं वाटतं आणि बाया मान हलवून गप्प होतात. एका वस्तीवर मात्र असं झालं नाही. ऊसतोडीला जाणारी एक बाई, वय पस्तिशीचं, ती उठली आणि म्हणाली, "तिची लेक तर मोठ्या घरात व्हती. आम्ही दर साली दसरा झाला की लेकरं म्हातारीपाशी टाकून जातोत. सहा-सहा महिने. आम्हाला कुणी इचारलं का, तू कशी आई म्हणून?"

मैत्रिणींनो, त्या दिवशी चर्चा तिथंच फिरली. मग एकेक बोलायला लागली. लहान लेकरू असलं तर ते बरोबर कोपीवर, शाळेचं लेकरू असलं तर मागे. मुलगी मोठी व्हायला लागली की मागे ठेवायची भीती आणि बरोबर न्यायचीही भीती. म्हणून तेराव्या-चौदाव्या वर्षी लग्न. लग्न झालं की नवरा-बायकोचा एक कोयता तयार, मुकादमाची उचल तयार. कारखान्यासाठी बाईनं लेकरू मागे ठेवलं तर ती रीत झाली. स्वतःला पटलेल्या कामासाठी सुलभानं ठेवलं तर तो गुन्हा झाला. हे मी सांगितलं नाही, बायांनी बोलता बोलता काढलं. सुलभाला नावं ठेवणं त्यानंतरही पूर्ण थांबलं नाही. थांबावं असा माझा आग्रहही नाही.

स्मिता पाटील १९८६ च्या डिसेंबरमध्ये गेली. वय ३१. बाळंतपणानंतर पंधरवड्याच्या आत. हे सांगितलं की गटात शांतता होते, कारण तशी एकतरी बाई प्रत्येकीच्या नात्यात असते.

आता तुम्ही विचाराल, त्या ऊसतोडणीच्या बाईचा सिनेमा कुठाय? साखर कारखाना म्हटलं की 'सामना' आठवतो. निळू फुल्यांचा हिंदुराव आठवतो, डॉ. लागूंचा मास्तर आठवतो. दोन्ही कामं थोरच. (निळूभाऊ पडद्यावर इतके वाईट की बाया त्यांना बघून पदर सावरायच्या, आणि प्रत्यक्षात माणूस राष्ट्र सेवा दलाचा, चळवळींच्या मागे उभा राहणारा.) पण ज्यांच्या तोडलेल्या उसावर तो सगळा कारभार चालतो, त्यांच्यातली बाई त्यातून आठवत नाही. उसाच्या फडातली बाई पडद्यावर येते ती गाण्यात, लुगडं धुतलेलं आणि कंबर न दुखणारी. २०१९ मध्ये सरकारी समितीसाठी आपल्या जिल्ह्यात पाहणी झाली. ऊसतोडणीला जाणाऱ्या ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिकजणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. यातल्या कितीतरीजणी पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही म्हणून सांगतात. पडद्यावरच्या बाईला पाळी येतच नाही.

'सैराट'मधल्या आर्चीबद्दल थोडंच बोलते, कारण तो तुम्हाला पाठ आहे. रिंकू राजगुरू ट्रॅक्टर चालवते, बुलेट चालवते, ते सगळ्यांना आवडतं. मला तिचं काम आवडतं ते दुसऱ्या अर्ध्या भागात, परक्या शहरात, झोपडीत. पाटलाची लेक तिथं बाटल्यांच्या कारखान्यात कामाला जायला लागते. कष्ट अंगात मुरत जातात ते तिच्या चालण्यात दिसतं. हा सिनेमा बघून काही आया मला म्हणाल्या, "म्हणून पोरीला शाळेत धाडायचं भ्याव वाटतं." मी एवढंच विचारलं, मारणारे कोण होते? शाळेतले की घरातले?

आता शेवटचं. सुमित्रा भावे या पुण्याच्या कर्वे संस्थेत समाजकार्य शिकवायच्या. बायांच्या आयुष्यावर आपण अहवाल लिहितो, तो त्या बायांना वाचता येत नाही, ही गोष्ट त्यांना टोचायला लागली. म्हणून चाळिशी ओलांडल्यावर त्या सिनेमा करायला लागल्या. १९८५ ची 'बाई' ही त्यांची पहिली छोटी फिल्म. २०२१ मध्ये त्या गेल्या. त्यांनी सुनील सुकथनकर यांच्याबरोबर केलेला १९९५ चा 'दोघी' आज रात्री जेवणानंतर इथं लावणार आहोत. लग्नाच्या दिवशीच नवऱ्या मुलाचं वऱ्हाड अपघातात सापडतं आणि थोरली गौरी पांढऱ्या पायाची ठरते. बाप अंथरुणाला खिळतो, घरात खायला नाही. मामा गौरीला मुंबईला नेतो. ती तिथं काय करते ते सगळ्यांना कळतं, पण कुणी उच्चारत नाही. तिच्या पैशावर घर उभं राहतं आणि तिलाच त्या घरात जागा राहत नाही. रेणुका दफ्तरदार आणि सोनाली कुलकर्णी या दोघी बहिणी झाल्या आहेत. पण तुम्ही आईकडे लक्ष ठेवा. उत्तरा बावकर. ती चांगली आहे की वाईट, हे मी आधी सांगणार नाही. मला प्रत्येकीचं वेगळं मत हवं आहे.

सिनेमा संपला की लगेच उठू नका, तासभर बोलायचं आहे. भाकरी लवकर उरका. बाप्यांना यायचं असेल तर येऊ द्या, पण त्यांना मागे बसवा.