लाकूड का फुटते?



सुवर्णमहोत्सवाच्या ह्या व्याख्यानमालेत साहित्य, संगीत आणि इतिहास ह्या विषयांवर अधिकारी वक्ते बोलून गेले. त्यांच्यामागून लाकडी पेन कातण्यासारख्या किरकोळ विषयावर बोलावयास उभे राहताना आम्हांस संकोच वाटतो. परंतु कार्यकारिणीने 'स्वतःच्या अनुभवाचे बोला' अशी आज्ञा केली, आणि निवृत्तीनंतर आमच्या गाठीस कोणता अनुभव असेल तर तो फुटलेल्या लाकडाचा आहे.

२०१९ च्या चैत्रात रत्नागिरी जिल्ह्यातील आमचे जुने घर उतरविण्यात आले. माजघरात फणसाचा घुसळखांब होता. त्यास रवीची दोरी बांधून आमच्या आईने अर्धे आयुष्य ताक घुसळले. खांब वाळवीने पोखरला होता. त्यातला निरोगी असा वीतभर तुकडा थोरले बंधू अण्णा ह्यांनी आम्हांकडे ग्वाल्हेरीस पाठविला. त्यातून दोन सेंटिमीटर चौरस आणि तेरा सेंटिमीटर लांब अशा पाच कांड्या निघाल्या. पुढील माघात अण्णांचे सहस्रचंद्रदर्शन होते. त्यांच्या हाती ह्या खांबाची लेखणी द्यावी आणि उरलेल्या चार भावंडांच्या घरी पोहोचवाव्या, असा आमचा संकल्प होता.

पाचांपैकी दोन कांड्या आम्ही हत्यार लावण्यापूर्वीच फुटल्या. मे महिन्यात त्या कापून खिडकीशी ठेविल्या होत्या. आठवड्याभरात टोकांना तडे गेले. शंभर वर्षांचे लाकूड ओले कसे असेल, असे आम्हांस वाटले होते. येथेच आमची चूक झाली. लाकूड कितीही जुने असो, ते भोवतालच्या हवेशी पाण्याची देवघेव करीतच असते. कोकणच्या पावसाळी हवेत लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या शेकडा १५ ते १८ भाग पाणी राहते. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात ते सहा-सातांवर येऊ पाहते. पाणी जाते तसे लाकूड आकसते, आणि तेही सर्व बाजूंनी सारखे नव्हे. वार्षिक वलयांच्या वळणाने ते जितके आकसते त्याच्या साधारण निम्मे गाभ्याकडून सालीकडे, आणि लांबीत जवळजवळ नाहीच. शिवाय टोकाच्या आडव्या छेदातून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने निघून जाते. टोक आकसू पाहते, पोट अजून फुगलेले असते. ह्या ओढाताणीत टोक उकलते.

ह्यावरचा उपाय अगदी घरगुती आहे. कांडी कापताच तिची दोन्ही टोके वितळलेल्या मेणात बुडवावी, म्हणजे पाणी बाजूंनी सावकाश निघते. ती सावलीत ठेवावी, दर आठवड्यास बारीक काट्यावर तोलावी आणि वजन तिच्याच अंगावर पेन्सिलीने लिहावे. चार-सहा आठवडे आकडा हलला नाही म्हणजे लाकूड नव्या हवेस सरावले असे समजावे. उरलेल्या तीन कांड्या आम्ही अशा रीतीने कपाटात ठेविल्या आणि दिवाळीनंतरच बाहेर काढिल्या.

तिसरी कांडी भोक पाडताना गेली. ह्या जातीच्या पेनासाठी कांडीचे दोन भाग करून प्रत्येकात सात मिलिमीटरचे आरपार भोक पाडतात आणि त्यात पितळी नळी चिकटवितात. आम्ही ड्रिल एका दमात पलीकडे काढले. बाहेर पडता पडता त्याने टोकाचा ढलपा उडविला. अखेरच्या क्षणी पात्यापुढे लाकडाचा आधार उरत नाही, म्हणून असे होते. तेव्हा कांडी नळीपेक्षा पाच-सहा मिलिमीटर लांब ठेवावी, ड्रिल पलीकडे निघण्याआधीच थांबवावे आणि उरलेले टोक करवतीने कापून भोक उघडे करावे. भुसा आत दाटला तर उष्णता वाढते आणि उष्णतेने लाकूड चिरते. म्हणून ड्रिल वरचेवर बाहेर काढून भुसा झाडावा.

चौथीने आम्हांस सर्वाधिक शिकविले. नळी पॉलिशपेपरने खरखरीत करून, इपॉक्सी लावून, गोल फिरवीत आत सरकविली होती. ह्या गोल फिरविण्यास महत्त्व आहे. कारण नळी आणि लाकूड ह्यांच्यामध्ये जेथे डिंक पोहोचत नाही, तेथे लाकूड पोकळ राहते आणि पटाशीच्या पहिल्या धक्क्यास उडते. टोके काटकोनात आणताना पात्याचे हत्यार न वापरता फिरत्या पॉलिशपेपरच्या चकतीवर हलकेच घासली. लेथवर चढविण्यापूर्वी चारी कोपरे रंध्याने उतरविले. सर्व यथासांग चालले होते. पण कामाच्या ओघात पटाशीस पुन्हा धार लावण्याचा आम्हांस कंटाळा आला. टोकांशी लाकडाची जाडी एक मिलिमीटरही उरत नाही. तेथे बोथट पटाशी लाकूड कापीत नाही, उपटते. तांदळाच्या दाण्याएवढा ढलपा उडाला.

आम्ही लेथ बंद केला आणि आमच्या सौभाग्यवतींसह अर्धा तास जमिनीवर बसून तो ढलपा शोधला. अखेर तो त्यांच्याच पदरात सापडला. पातळ सायनोॲक्रिलेटच्या एका थेंबाने तो जागच्या जागी बसविला, रात्रभर राहू दिला, आणि सकाळी धारदार पटाशीने, जाड भागाकडून बारीक भागाकडे, केसाएवढा काप घेत काम पुरे केले. जोड आजही दिसतो. ती लेखणी आम्ही स्वतःकडे ठेविली आहे.

पाचव्या कांडीस आम्ही पाच दिवस दिले. दर दोन-तीन मिनिटांनी पटाशीस धार लावली. पॉलिशपेपर लावताना लेथचा वेग उतरविला आणि लाकूड बोटास गरम लागताच थांबलो, कारण घासण्याच्या उष्णतेनेही लाकडास केसासारख्या बारीक चिरा पडतात. शिसव, आबनूस अशा घट्ट लाकडांस तर विशेष. शेवटी धातूचे भाग दाबून बसविण्यापूर्वी नळीच्या आतला सुकलेला डिंक खरवडून काढिला. तो तसाच राहिला, किंवा दाब तिरका पडला, तर तयार झालेली लेखणी हातात फुटते.

तात्पर्य, लाकूड फुटते तेव्हा दोष बहुधा लाकडाचा नसतो. त्यास नव्या हवेत रुळावयास अवधी दिला नाही, सुटत्या टोकास आधार दिला नाही, किंवा बोथट हत्याराने घाई केली, म्हणून ते फुटते. कोकणातून, देशावरून ह्या कोरड्या मुलखात येऊन रुळलेल्या आपणां सर्वांस ह्याचा अर्थ अधिक उलगडून सांगण्याची गरज नाही.

२०२० च्या माघात आम्ही ती लेखणी अण्णांच्या हाती दिली. त्यांनी ती नाकाशी नेली, अंगठ्याने चाचपली आणि विचारले, "अरे, पाच होणार होत्या ना?" आम्ही खरे ते सांगितले. ते म्हणाले, "असू दे. आईच्या हातूनही रोजच लोणी येत नसे." मग कागद मागवून त्यांनी उरलेल्या तिन्ही भावंडांस त्याच लेखणीने एकेक पत्र लिहिले. लेखणी नाही, तरी तिचे अक्षर तिघांच्या घरी पोहोचले.