रावबहादूर बोले आणि पाणवठ्यांचा ठराव



रावबहादूर सीताराम केशव बोले (जन्म १८६८) हे आपल्या भंडारी समाजाचे भूषण होत. दादरला सिद्धिविनायक मंदिराजवळून जाणाऱ्या बोले मार्गाने आपण नित्य जातो-येतो. परंतु ‘बोले आमचे’ असे अभिमानाने म्हणताना, त्यांच्या हातून कौन्सिलात घडलेले सर्वांत मोठे कार्य आपल्या ज्ञातीसाठी नव्हतेच, याचा आपणांस विसर पडतो, असे आम्हांस वाटते.

१९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, त्या सत्कारसभेचे अध्यक्षस्थान बोल्यांनीच भूषविले होते. पुढे मुंबई कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांचा ठराव संमत झाला. सरकारी पैशातून बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य वर्गास खुले असावेत, अशी ती शिफारस होती. खासगी विहिरींना ती लागू नव्हती. आपल्या कोकणातल्या वाड्यांतील विहिरींवर त्या काळी कोणास पाणी भरू देत, हा प्रश्न आपण आपापल्या घरी अवश्य काढावा. उत्तर ऐकण्यास सुखद असेलच असे नाही.

ठराव झाला, सरकारने सप्टेंबरात आज्ञाही काढली. पण नगरपालिका व लोकल बोर्डे ढिम्म! दुसरा एखादा सभासद एवढ्यावर कृतकृत्य होऊन बसला असता. बोले पुन्हा उभे राहिले. जी संस्था ठराव अमलात आणणार नाही तिचे सरकारी अनुदान बंद करावे, असा दुसरा ठराव त्यांनी ५ ऑगस्ट १९२६ रोजी मांडला. कोठे बोट ठेवले असता संस्था हलतात, हे त्यांस पक्के ठाऊक होते!

महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला होता, परंतु त्याचे पाणी कोणा अस्पृश्याच्या ओठी लागले नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर सहस्रावधी अनुयायांसह त्या तळ्यावर गेले व पाणी प्याले. नंतर गावात त्या लोकांवर लाठ्या पडल्या. आणि योग असा की, नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला तो ४ ऑगस्ट १९२७ रोजी. बोल्यांच्या ठरावास त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती.

तळ्याचा दावा पुढे दहा वर्षे चालला. मुंबई हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला तो १७ मार्च १९३७ रोजी.