भाज्यांचा रस आणि शिजविलेली फरसबी

सकाळच्या वेळीं शहरांतील बागांच्या दाराशीं हल्लीं रसाच्या हातगाड्या उभ्या असतात. गाजर, बीट, दुधी, कारलें, जें मागावें त्याचा पेला हातीं येतो, आणि फिरावयास आलेले वयस्क गृहस्थ तो औषधासारखा डोळे मिटून घेतात. घरीं गेल्यावर ताटांतली फरसबीची भाजी मात्र, ‘आज रस झाला आहे’ म्हणून बाजूस सारली जाते. रसानें भाजीची जागा भरून निघते, असा या वागण्यामागील समज आहे. तो कितपत खरा आहे, हें श्रोत्यांनीं एकदां पारखून पाहण्याजोगें आहे.

रसाची बाजू अगदींच लंगडी नाहीं. उष्णता लागत नसल्यामुळें ताज्या रसांत क जीवनसत्त्व पुष्कळसें टिकतें. पोटॅशियमसारखे क्षारहि त्यांत उतरतात. ज्यांचे दांत गेले आहेत, अथवा आजारानें ज्यांची अन्नावरची वासना उडाली आहे, त्यांस पेलाभर रस हा मोठाच आधार होय. परंतु रस गाळल्यावर जो चोथा उरतो, तो गाडीखालच्या बादलींत जातो आणि भाजींतला तंतुमय भाग बहुतेक त्याच्याबरोबरच जातो. हा भाग पचत नाहीं, आणि म्हणूनच तो उपयोगाचा. तो कोठा साफ ठेवतो, भूक भागल्याचें समाधान देतो आणि अन्नांतील साखर रक्तांत सावकाश उतरूं देतो. गाजर-बिटाचा रस गाळला म्हणजे साखर पेल्यांत राहते व तिला आवर घालणारा तेवढा निघून जातो. मधुमेह असलेल्यांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें.

उलटपक्षीं, १०० ग्रॅम उकडलेल्या फरसबींत ३ ग्रॅमांहून अधिक तंतू व सुमारें २ ग्रॅम प्रथिनें असतात, आणि उष्मांक अवघे ३५. क जीवनसत्त्व मात्र १० मिलिग्रॅमांच्या आसपासच. मुळांतच तें फार नसतें, त्यांत शिजवितांना आणखी घटतें. शेंगा भरपूर पाण्यांत उकडून तें पाणी ओतून देण्याची चाल ज्या घरांत आहे, तेथें क जीवनसत्त्व आणि फोलेट यांचा चांगलासा वाटा मोरीसच मिळतो! थोड्या पाण्यांत, झांकण ठेवून, तेलाच्या फोडणीवर शिजविलेली भाजी बरी. तेलामुळें फरसबींतलें के जीवनसत्त्व व कॅरोटीन अंगीं लागण्यास मदत होते. भाजी खालीं उतरल्यावर वर लिंबू पिळलें, तर क ची उणीवहि बरीच भरून निघते.

डबाबंद रसाची गोष्ट निराळी. टोमॅटोच्या आधारावर केलेल्या अशा रसाच्या २४० मिलिलिटर पेल्यांत पुष्कळदां ६०० मिलिग्रॅमांहून अधिक सोडियम असतें. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढ माणसास सांगितलेली दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅमांची आहे. मीठ न घातलेल्या फरसबींत १०० ग्रॅमांस १० मिलिग्रॅमहि सोडियम नसतें. रक्तदाबाच्या रोग्यानें रसाच्या डब्यावरील बारीक अक्षरें चष्मा लावून वाचावींत, तीं बारीक असतात तीं उगीच नव्हे.

मग फरसबीचाच रस कां काढूं नये, असें कोणी विचारील. कच्च्या शेंगांत लेक्टिन जातीचें एक प्रथिन असतें. तें उलट्या व जुलाब घडवूं शकतें, आणि चांगल्या उकळीनें निकामी होतें. येथें चुलीवांचून गत्यंतर नाहीं.

दुधीच्या बाबतींत तर प्रकरण जिवावर बेततें. कडू दुधीच्या रसानें विषबाधा होऊन कांहीं माणसें दगावल्यावर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनें तज्ज्ञांकडून या प्रश्नाचा विचार करविला, व त्यांचें मत २०१२ सालीं प्रसिद्ध झालें. या विषावर नेमका असा उतारा नाहीं. रस काढण्यापूर्वीं दुधीची लहानशी फोड जिभेवर ठेवून पाहावी, कडू लागल्यास तो दुधी टाकून द्यावा, आणि त्याचा रस दुसऱ्या कशांत मिसळूं नये. कडवटपणा झांकला गेला, कीं तो ओळखण्याची सोयच उरत नाहीं. रस घेतल्यावर मळमळ, उलटी किंवा पोटदुखी सुरू झाली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडतां रोग्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें.