सूर्यातील संमीलन आणि विजयदुर्गचा हेलियम

१८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास ग्रहणाची छाया कोकणातून पूर्वेकडे सरकली. त्या दिवशी विजयदुर्गच्या 'साहेबाच्या ओट्यां'वरून लॉकियर यांनी हेलियम शोधला, असे जिल्ह्यात अभिमानाने सांगितले जाते. (विजयदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होता.) वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. भारतातील निरीक्षकांनी त्या ग्रहणात सौरज्वालांच्या वर्णपटात एक पिवळी रेषा पाहिली. लॉकियर यांनी ती ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून पाहिली आणि ती अज्ञात मूलद्रव्याची असल्याचे ओळखले. विजयदुर्गास ते खरोखर आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. किल्ल्याचे महत्त्व त्यामुळे उणावत नाही.

हा हेलियम म्हणजे सूर्याच्या भट्टीतील राखच होय. सूर्याच्या गाभ्यात तापमान सुमारे दीड कोटी अंश असते. हायड्रोजनची अणुकेंद्रे धनभारित असल्याने परस्परांना दूर लोटतात. परंतु इतक्या उष्णतेत व प्रचंड दाबाखाली त्यांतील काही अगदी निकट येतात आणि जुळतात. टप्प्याटप्प्याने चार केंद्रांपासून हेलियमचे एक केंद्र बनते. एक किलो हायड्रोजनचा हेलियम झाल्यास वजन भरते सुमारे ९९३ ग्रॅम. उरलेल्या सात ग्रॅमचीच ऊर्जा होते. सूर्य दर सेकंदाला ४० लाख टनांहून अधिक वस्तुमान असे खर्ची घालतो.

पृथ्वीवर तो दाब निर्माण करता येत नाही, म्हणून तापमान दहा कोटी अंशांच्या पुढे न्यावे लागते. असा तप्त वायू कोणत्याही भांड्यात राहणार नाही. तो चुंबकीय क्षेत्राने अधांतरी धरावा लागतो. गांधीनगरजवळील प्लाझ्मा संशोधन संस्थेत 'आदित्य' हे यंत्र १९८९ मध्ये सुरू झाले. फ्रान्समधील 'ईटर' प्रकल्पातही भारत भागीदार आहे. डॉ. होमी भाभा यांनी १९५५ मध्ये जिनिव्हा येथे दोन दशकांत हे साध्य होईल, अशी आशा व्यक्त केली होती. ती फलद्रूप झाली नाही. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत लेसरच्या साहाय्याने इंधनावर पडलेल्या ऊर्जेहून अधिक ऊर्जा मिळाली खरी. पण लेसर चालविण्यास लागलेली वीज त्याहून कितीतरी पट होती.

ग्रामसभेत 'अणुशक्ती' हा एकच शब्द दोन्ही प्रक्रियांना वापरला जातो. राजापूर तालुक्यात जैतापूर येथे प्रस्तावित असलेला प्रकल्प युरेनियमच्या विखंडनावर, म्हणजे जड अणुकेंद्र फोडण्यावर, आधारलेला आहे. संमीलनाशी त्याचा संबंध नाही. विखंडनातून दीर्घकाळ किरणोत्सारी राहणारा कचरा उरतो. संमीलनातून हेलियम उरतो. मात्र त्यात बाहेर पडणाऱ्या न्यूट्रॉनमुळे यंत्राच्या भिंती किरणोत्सारी होतात, आणि त्यांची विल्हेवाट लावावीच लागेल.