दुखण्याची साक्ष



३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. हजारो माणसे दगडमातीखाली गेली, हजारो जायबंदी झाली. चिरडलेल्या हाताची जखम यथाकाल भरते. ठणका मात्र कित्येकांचा वर्षानुवर्षे राहतो. घरचे म्हणतात, 'आता कशाचे दुखते? मनाचे खेळ!' शास्त्र काय म्हणते ते पाहू.

वेदना वाहणाऱ्या तंतूंच्या पेशी पाठीच्या कण्यालगतच्या गाठींत असतात. 'सबस्टन्स पी' नावाच्या द्रव्याने त्या मज्जारज्जूला वेदनेची वर्दी देतात. हे द्रव्य ऑयलर व गॅडम यांनी १९३१ साली शोधले. प्राण्यांवरील प्रयोगांत असे दिसले, की तंतू तुटला म्हणजे या पेशींचा कारभारच पालटतो. सबस्टन्स पी घटते. एरवी नाममात्र असलेले गॅलॅनिन भराभर वाढते. उलट, स्पर्श वाहणाऱ्या जाड तंतूंच्या काही पेशी सबस्टन्स पी बनवू लागतात. सदऱ्याची बाही घासली तरी आग होते, त्याचे एक कारण हे असावे.

तेव्हा जखम मिटली एवढ्यावरून दुखणे खोटे ठरवू नका. व्रण कातडीवर दिसतो. पेशींतला पालट डोळ्यांना दिसत नाही. रोग्याचा शब्द हीच तेथे पहिली साक्ष.